सदतिसावं पान

आंबेखडक, ता. निफाड
९ जानेवारी २०२४

ती. उज्वलाताईस वाल्मीकचा नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझ्या घरी फोन वाजला की नाना आधी उचलतात आणि ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर टाकतात. अख्ख्या कलकत्त्याला ऐकवायचं नाहीये मला, आणि नानांना तर मुळीच नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी तुझ्या वडिलांपुढे सख्ख्या भावाच्या मरणाचा विषय कशाला काढा? म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितोय.

परवा माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, पत्र्याची पेटी उघडली. आई म्हणत होती, "नको उघडू, उंदरं निघतील." उंदीर नाही निघाला, पोस्टाची पावती निघाली. रजिस्टर केल्याची. १४ नोव्हेंबर १९८८, सायखेडा पोस्ट ऑफिस. पाठवणारा मोतीराम मास्तर. घेणारा राष्ट्रीय ग्रंथालय, बेलव्हेडिअर, कलकत्ता.

ताई, तू त्याच ग्रंथालयात सव्वीस वर्षं मराठीची पुस्तकं सांभाळतेस. अण्णांनी गावाचा इतिहास लिहिला होता हे तुला माहीत आहे. पाचशे प्रती नाशिकहून छापून आणल्या आणि दहाच दिवसांत सगळ्या जळाल्या. पाठोपाठ अण्णाही गेले. आजवर मी समजत होतो की एकही प्रत उरली नाही. पण एक त्यांनी आधीच पाठवली असेल तर ती तुझ्या कपाटात आहे. मला ती पाहिजे.

आई बरी आहे. बागेत मणी भरलेत, यंदा द्राक्ष बरं दिसतंय.

तुझा भाऊ
वाल्मीक


कोलकाता
२३ जानेवारी २०२४

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं तेव्हा सेक्शनमधले सगळे मान उंच करून बघत होते. हल्ली ग्रंथालयातसुद्धा हाताने लिहिलेलं काही आलं की लोकांना ते दुर्मिळ हस्तलिखित वाटतं.

पावती खरीच असणार. १९५४ चा कायदा आहे, जो कोणी पुस्तक छापेल त्याने महिन्याच्या आत एक प्रत स्वतःच्या खर्चाने आमच्याकडे पाठवायची. मोठमोठे प्रकाशक टोलवाटोलवी करतात, आम्ही स्मरणपत्रं लिहून थकतो. आणि आमच्या अण्णांनी आयुष्यात एकच चोपडं छापलं, तेही कायदा पाळून! मुंबई, दिल्ली, मद्रासलाही एकेक पाठवायची असते, ते बहुधा त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तुला वाटत असेल ग्रंथालय म्हणजे गरीब गाय. अरे, आमची जुनी इमारत लाटसाहेबांची कोठी होती. इथून जवळच एका सकाळी दोन बड्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पावलं मोजून एकमेकांवर पिस्तुलं झाडली, एक जण रक्ताने न्हाला. साहेब गेले आणि स्वातंत्र्यानंतर तिथे पुस्तकं राहायला आली. आता आम्ही आवारातल्या नव्या इमारतीत बसतो. वीस लाखांवर पुस्तकं आहेत, देशातल्या सगळ्या भाषांची. पण इथला धर्म एकच. मागेल त्याला जे आहे ते दाखवायचं. आत शिव्या असोत की ओव्या, आपण मध्ये पडायचं नाही.

शोधते. पण इतक्या वर्षांनी कशाला रे? मी तेव्हा नाशिकला मावशीकडे शिकत होते. अण्णा ट्रॅक्टरवरून पडले आणि त्याच सुमारास घराला आग लागली, एवढंच नानांनी सांगितलं होतं.

उज्वला


आंबेखडक
४ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,

ट्रॅक्टरवरून पडले! तुलाही तेच सांगितलं का? पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. मग आता माझ्याकडून ऐक.

दिवेलागणीची वेळ होती. मी नऊ वर्षांचा, ओट्यावर पाढे लिहीत होतो. पाच जण आले, तोंडाला टॉवेल बांधलेले. एकाने आईला गोठ्यात ढकलून बाहेरून कडी लावली. बाकीच्यांनी पुस्तकांचे गठ्ठे अंगणात फेकले आणि कडी लावणाऱ्याने वर डिझेल ओतलं. अण्णा आडवे आले, तर एकाने ट्रॅक्टर सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि त्यांच्या उजव्या हातावर घातलं. "लिही! लिही आता!" म्हणत तो मारत होता. बोटं मोडल्याचा आवाज मी अजून झोपेत ऐकतो, ओली फांदी मोडावी तसा. बोटं संपली तेव्हा बरगड्या. अण्णा एकदाही ओरडले नाहीत, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि ते जळणाऱ्या गठ्ठ्यांकडे सरपटत होते. मी बसल्या जागी चड्डीत मुतलो. चार दिवसांनी त्यांनी नाशिकच्या दवाखान्यात प्राण सोडला.

का मारलं? बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर झिपरू नावाचा मजूर होता, पेठ तालुक्याकडचा. तो नाहीसा झाला. पळाला म्हणाले. अण्णा कामावर हजेरी घ्यायचे, त्यांनी काय झालं ते पाहिलं होतं. सोळा वर्षं गप्प बसले आणि मग नावानिशी छापलं. ज्यांची नावं त्यात होती तेच आले असणार, दुसऱ्या कुणाला एवढी आग कशाला लागेल?

आईला शंभरदा विचारलं असेल. तिचं एकच, "तोंडं बांधलेली व्हती. मला गोठ्यातून काय दिसनार?"

भिऊ नकोस, मला कुणाचा मुडदा पाडायचा नाही. पुस्तक पुन्हा छापायचंय, अण्णांच्या नावाने, बस. तेवढी पानं पाठव.

वाल्मीक


कोलकाता
२७ फेब्रुवारी २०२४

चि. वाल्मीक,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. नानांना सांगितलं, ताप आहे.

पुस्तिका सापडली. 'आंबेखडक : गाव आणि माणसं', अठ्ठेचाळीस पानं, पिवळं कव्हर. पण वाईट बातमी आहे. सदतीस आणि अडतीस ही पानं ज्या कागदावर होती तो कागदच नाही. कुणीतरी फाडून नेला आहे. मी मुंबईलाही विचारलं, तिथे प्रत नाही.

आत एक जुनी मागणीची चिठ्ठी सापडली, वाचकाने पुस्तक मागताना भरून द्यायची असते ती. १९९१ सालची. पत्ता नुसता 'नाशिक जिल्हा'. खाली सही आहे, नाव लागत नाही. म्हणजे ज्याला ते पान नको होतं तो इथवर येऊन गेला.

आता सोड हा विषय. काकूंना जप. बाकीची पानं झेरॉक्स करून सोबत पाठवते, त्यात गावच्या यात्रेची हकिगत फार सुंदर लिहिली आहे अण्णांनी.

उज्वला


आंबेखडक
८ मार्च २०२४

ती. ताईस,

तुझे उपकार कसे फेडू? तुला कळलंसुद्धा नाही तू काय लिहून पाठवलंस.

एक्क्याण्णव साली आपल्या गावातून कलकत्त्याला कोण जात होतं? अख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस. कांद्याचा ट्रक घेऊन महिन्याला दोन खेपा मारणारा जीवनदादा. आणि तलावाच्या कामावर दगडाचा ट्रॅक्टर कोण चालवत होता, तेही जुनी माणसं सांगतात. तोच. हँडल कुणाच्या हाताला सवयीचं असणार, सांग बरं?

पस्तीस वर्षं तो मला रस्त्यात भेटला की विचारतो, "वाल्मीक, द्राक्षं कशी हायेत?" आणि मी त्याला घड खायला देतो!

पुस्तकाची आता घाई नाही.

वाल्मीक


कोलकाता
१६ मार्च २०२४

वाल्मीक,

आज तुझं पत्र मिळालं. सकाळपासून तीस वेळा फोन लावला, बंद येतोय. काकूंचाही लागत नाही. स्पीड पोस्टाने पाठवते आहे. जीवनदादांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांचा काही संबंध नाही. का ते मी सांगते, मला दोन दिवस दे. तुला माझी शपथ आहे.

उज्वला


नाशिकरोड कारागृह
२ एप्रिल २०२४

ताई,

तुझं शपथेचं पत्र माझ्या घरी पोहोचलं तेव्हा मी घरात नव्हतो, लॉकअपमध्ये होतो. आईने ते वकिलाबरोबर पाठवलं.

नऊ मार्चला दुपारी मी जीवनदादाच्या कांदा चाळीत गेलो. तो एकटाच कांदे निवडत बसला होता. मी विचारलं, "अण्णांच्या पुस्तकातला कागद कुठंय?" तो म्हणाला, "कसला कागद? मला कुठं वाचाया येतं बाबा?" मला वाटलं, थट्टा करतोय. मी तिथलं फावडं उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला. तो म्हणाला, "आरं, काय करतो वाल्मीक?" दुसरा डोक्यात. कांद्यांवर पडला तो. मग मी थांबलो नाही ताई, तो हलायचा थांबला तरी. "लिही! लिही आता!" असं मी ओरडत होतो म्हणे. मला आठवत नाही, शेजारच्या मळ्यातल्या बायकांनी जबाबात सांगितलंय. रुग्णवाहिका आली तेव्हा त्याच्यात काही नव्हतं.

मग मी पारावर जाऊन ओरडून सांगितलं, झिपरूचा खुनी आणि माझ्या बापाचा खुनी मी मारलाय म्हणून. अंगावर रक्त होतं तरी छाती अभिमानाने फुगली होती, खोटं कशाला बोलू?

पण एक गोष्ट आता डोकं खाते. त्याला खरंच वाचता येत नव्हतं. सही तेवढी गिरवायचा. सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही. मग वीस लाख पुस्तकांमधून त्याने ते पान कसं काढलं? वकील म्हणतो, त्या चिठ्ठीवरची सही त्याच्या लायसनच्या सहीशी ताडून बघू. चिठ्ठीचा फोटो पाठव. हे पत्र आधी इथले साहेब वाचतील, वाचू दे.

वाल्मीक


कोलकाता
२० एप्रिल २०२४

वाल्मीक,

चिठ्ठी नाही. कधीच नव्हती. पानही कुणी फाडलेलं नाही. ते सोबत आहे, ग्रंथालयाचा शिक्का मारलेली झेरॉक्स. आधी ते वाच. झेरॉक्स पुसट आली आहे, म्हणून मधला भाग इथे लिहून काढते.

'टँकरचे पाणी मुकादमाच्या माणसांनी आधी घ्यावयाचे असा दंडक होता. झिपरूची बायको नवसाबाई बाळंत होऊन तिसरा दिवस. त्याने पाळी मोडून एक घागर भरली. त्यावरून चौघांनी त्यास खडी फोडण्याच्या घणांच्या दांड्यांनी मारिले. तो घागर सोडीना म्हणून प्रथम मनगटे फोडली. प्राण गेल्यावर प्रेत तलावाच्या भरावात टाकून वर माती लोटली. नवसाबाई तान्हे पोर घेऊन चाळीस दिवस गावात विचारीत फिरली. आम्ही सर्वांनी सांगितले, पळाला. मीही सांगितले. त्या चौघांची नावे देतो. पहिले नाव माझ्या धाकट्या भावाचे आहे, कारण पहिला दांडा त्याने उगारला.'

पुढे चार नावं आहेत. तिघं कधीच वारले. पहिलं नाव पुंजाजी. माझे नाना.

फेब्रुवारीत मी ते पान उघडलं तेव्हा माझ्या टेबलावर त्यांचाच डबा होता, त्यांनी स्वतः भरून दिलेला. पण 'पान आहे, देत नाही' असं लिहिलं असतं तर तू कलकत्त्याला येऊन धडकला असतास. म्हणून फाडलं म्हणून लिहिलं. नुसतं फाडलं म्हटलं तर तुला पटणार नाही, म्हणून चिठ्ठी रचली. चिठ्ठीला साल पाहिजे, म्हणून एक्क्याण्णव टाकलं. नाशिक जिल्हा टाकला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासते मी, खोटी नोंद खरी कशी दिसते ते मला चांगलं माहीत आहे.

आणि लिहिताना मला जीवनदादा आठवले नाहीत! माझ्या लग्नानंतर दहा वर्षं आईने केलेला दिवाळीचा फराळ त्यांनीच ट्रकमधून आणून दिला. माझ्या दारात उभे राहून ते पाणी प्यायचे. बापाला वाचवताना मला तो माणूस आठवला नाही. मला माझी किळस येते.

तुझं जेलमधलं पत्र आलं त्या संध्याकाळी मी नानांसमोर पान मोठ्याने वाचलं, त्यांच्या कानाशी. मला वाटलं होतं ते रडतील. त्यांनी विचारलं, "आसल पान कुठंय?" म्हटलं, ग्रंथालयात. म्हणाले, "घरी आण. चुलीत घालू." मी म्हटलं, एक माणूस मेला नाना, अण्णांच्या वेळीही तुम्ही होतात का? ते म्हणाले, "व्हतो. डिजेल मी वतलं. हात नाय लावला त्याला. घरची अब्रू त्यानं चव्हाट्यावर मांडली, मी काय करनार व्हतो?" मी म्हटलं, मी हे पान पोलिसांना देणार. त्यांनी काठी फिरवली ती माझ्या तोंडावर बसली. पुढचे दोन दात गेले, ओठाला चार टाके आहेत. म्हातारपणी एवढा जोर कुठून येतो रे? दुसरी मारायला ते उठले आणि तोल जाऊन खाली बसले. मग मीच त्यांना उचलून खाटेवर ठेवलं.

मी ग्रंथालयात सगळं लेखी कळवलं आहे. काय करायचं ते ते करतील. तू काय शिक्षा देशील ते सांग.

उज्वला


नाशिकरोड कारागृह
११ जून २०२४

ताई,

दीड महिना तुझं पत्र उशाला ठेवून मी तुला शिव्या दिल्या. बराकीतल्या एकाने विचारलं, बायकोचं पत्र आहे का? त्याचं नाक फोडलं मी. चार टाके त्यालाही पडले. माझ्या हातांना आता तेवढंच येतं असं दिसतंय.

तू खोटं लिहिलंस. पण फावडं मी उचललं. मुडदा पाडायचा नाही, असं मीही तुला खोटंच लिहिलं होतं. मला नाव पाहिजे होतं ते मारायलाच. खरं पाठवलं असतंस तर आज नाना गेले असते, आणि मी इथेच असतो. म्हणून तुला शिक्षा द्यायची माझी लायकी नाही.

पण एक काम कर. मी पारावर जे ओरडलो ते गावाने खरं धरलंय. जीवनदादा झिपरूचा खुनी होता असं पोरंसोरं बोलतात. त्यांच्या बायकोला, मीनाकाकूंना, विधवा म्हणून कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही ते सोड, आता पिठाच्या गिरणीतही शेजारी उभं राहत नाही. जो मेला त्याला मी आणखी रोज मारतोय इथे बसून. तू जा. ते पान गावासमोर वाच. नानांचं नाव तुझ्या तोंडाने वाच. मी कोर्टात गुन्हा कबूल करणार आहे, माझी शिक्षा कमी करायला येऊ नकोस.

वाल्मीक


आंबेखडक
२९ जुलै २०२४

प्रिय वाल्मीक,

काल शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. सरपंच आधी नको म्हणत होते, मेलेली मढी कशाला उकरायची म्हणून. मी म्हटलं, परवानगी नाही दिली तर पारावर उभी राहून वाचीन. दोन दात नसल्याने शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून दोनदा वाचलं. चारही नावं. मग माझं खोटं, चिठ्ठीसकट सांगितलं.

मागून कुणीतरी चप्पल फेकली, ती पाठीत लागली. मग मीनाकाकू उठल्या. मला वाटलं, मारतील. मी वाट बघत उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तुमच्या घराचा पत्ता त्यांना वाचता येत नव्हता. दर खेपेला दहा जनांना विचारीत यायचे तुमच्या दारात. दिवाळी असायची, सवताचं घर सोडून." एवढं बोलून त्या खाली बसल्या. दोघी-तिघी बायका त्यांच्याजवळ सरकून बसल्या, तेवढंच.

झेरॉक्स सायखेड्याला पोलिसांकडे दिली, नानांच्या नावाचा जबाब दिला. तलावाचा भराव खणतील का, ते साहेबांनी सांगितलं नाही. नवसाबाईचं माहेर पेठकडे कुठे होतं त्याचा शोध घेते आहे. नाना कोलकात्यालाच आहेत. शेजारीण जेवण देते, ते दार आतून लावून घेतात. मला निलंबनाचं पत्र आलं आहे, ते योग्यच आहे.

आता जे लिहायचं ते मी दोन तास टाळते आहे.

सभेनंतर मी काकूंबरोबर, तुझ्या आईबरोबर, तुमच्या घरी आले. त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, तुमच्या दिराचं नाव मी लपवलं, तुमचा मुलगा माझ्यामुळे तुरुंगात गेला. त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "गोठ्याची कडी लावताना 'वैनी, आत ऱ्हा' म्हनला. दिराचा आवाज वळखू येत नाय का? पहिल्याच दिशी वळखला मी त्याला."

मी म्हटलं, काकू, मग वाल्मीक शंभरदा विचारत होता, तेव्हा का नाही सांगितलं? त्यांनी भाकरी उलटली. "कुनाला सांगू? पोरगं नऊ वर्साचं. सांगितलं आस्तं तर मोठं झाल्यावर त्यानं नानाला तोडला आस्ता अन् जेलात गेलं आस्तं. नवरा गेला, पोरगं तरी ऱ्हावं म्हनून तोंड शिवलं. नवरा मारायला आलेल्याला, तो तुज्याकडं कलकत्त्याला जाईस्तवर, ह्या हातानं च्या दिला."

भाकरी उतरवून म्हणाल्या, "हे त्याला लिव्ह." मी म्हटलं, नको काकू, त्याला सहन नाही व्हायचं. त्या म्हणाल्या, "मला झालं ना." म्हणून लिहिलं आहे.

तुझी ताई
उज्वला